हवेची तक्रार करायची आहे: सेन्सर घ्यावा, नोंदवही ठेवावी की प्रयोगशाळा बोलवावी?

गळीत हंगामात साखर कारखान्यांची धुराडी पेटली की निपाणी, चिकोडी, अथणी पट्ट्यात गच्चीवरच्या वाळवणावर काजळी पडायला लागते. बेळगावात उद्यमबागच्या फौंड्र्यांचा धूर आहे, खानापूरकडे वीटभट्ट्या आहेत. गावातल्या मंडळाने वर्गणी गोळा केली की प्रश्न येतो, पैसे कशावर घालायचे? माझं मत आधीच सांगून टाकतो: पहिला महिना फक्त नोंदवही ठेवा, वर्गणीला हात लावू नका.

केंद्राच्या २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात (खराब हवेच्या शहरांसाठीची योजना) हुबळी-धारवाड आहे, पलीकडचे कोल्हापूर आणि सांगलीही आहेत. मधलं बेळगाव नाही. म्हणून आपला पुरावा आपणच उभा करायला हवा.

काही हजारांत मिळणारा सेन्सर सगळ्यांना हवासा वाटतो. आतला छोटा पंखा हवा ओढतो, लेसरचा उजेड कणांवर आदळून विखुरतो आणि त्यावरून आकडा निघतो. रात्री शेजारच्या फडात पाचट पेटवलं तर आकडा कसा चढला आणि कधी उतरला, हे तो उत्तम दाखवतो. पण थंडीतल्या धुक्यात पाण्याचे थेंबही तो धूळ म्हणून मोजतो, आणि धुकं नेमकं हंगामातच असतं. काजळीच्या बाबतीत तर तो जवळजवळ आंधळाच. डोळ्याला दिसणारी राख १० मायक्रॉनपेक्षा बरीच मोठी असते, तिची मोजणी त्याच्या आवाक्यातली नाही. शिवाय पीएम २.५ ची (२.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांची) देशातली मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम (जागतिक आरोग्य संघटनेची १५) ही चोवीस तासांच्या सरासरीची आहे. दहा मिनिटांचा २०० चा स्क्रीनशॉट घेऊन गेलात तर अधिकारी पहिला हाच मुद्दा काढतील.

नोंदवहीला खर्च नाही, चिकाटी लागते. तारीख, वेळ, वारा कुठून, वास कसला, कोणाला खोकला, सोबत धुराड्याचा फोटो. काजळीसाठी स्टीलच्या ताटात पाण्याचा पातळ थर घालून ते झाडापासून लांब, गच्चीवर चोवीस तास ठेवा. पाण्यामुळे राख उडून जात नाही. नंतर पांढऱ्या कापडातून गाळून, वाळवून, तारीख घालून पुडी बांधा. बगॅसची (कारखान्यात जाळल्या जाणाऱ्या उसाच्या चिपाडाची) जळकी, तंतुमय राख आणि रस्त्याची माती भिंगाखाली वेगळी ओळखू येते. चार दिशांच्या चार घरांवर ताटं असतील, तर राख कुठून येते यावर वादच उरत नाही. अशा नोंदी एकट्याने ठेवू नका. आशा कार्यकर्त्या आणि शाळेचे गुरुजी सोबत असले की वहीला वजन येतं.

मान्यताप्राप्त प्रयोगशाळा फिल्टर कागदावर चोवीस तास धूळ गोळा करते आणि वजन करून अहवाल देते. सुनावणीत तोच टिकतो. पण महाग आहे, आणि चुकीच्या दिवशी बोलावली तर स्वच्छ हवेचा अहवाल हातात पडतो, मग तोच आपल्याविरुद्ध वापरला जातो. कोणत्या दिवशी, कोणत्या गच्चीवर यंत्र ठेवायचं, हे वहीच सांगते. फौंड्रीच्या धुरासाठी मात्र वर्गणी इथेच घालावी. पाचटाच्या धुरासाठी एवढा खर्च नको, सेन्सर पुरतो.

या सगळ्याच्या जोडीला एक स्वस्त काम आहे. माहिती अधिकारात कारखान्याच्या संमतीपत्रातल्या (प्रदूषण मंडळाच्या परवान्यातल्या) अटी आणि धुराड्याच्या तपासणीचे अहवाल मागा. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. ग्रामसभेचा ठराव जोडून तक्रार राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्या. मराठी अर्जासोबत कन्नड प्रतही द्या, म्हणजे भाषेच्या कारणावरून कागद अडणार नाही. प्रकरण हरित लवादापर्यंत (पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या न्यायाधिकरणापर्यंत) गेलंच, तर त्याचं पुण्यातलं खंडपीठ जवळ असलं तरी कर्नाटकासाठी चेन्नईचं खंडपीठ आहे. त्या खर्चासाठी वर्गणीतला थोडा भाग बाजूला ठेवा.