रझांचा बिंदू की गायतोंड्यांची शांतता?

चित्रकार सय्यद हैदर रझा आणि वासुदेव गायतोंडे, दोघेही मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले, दोघांचाही प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या आधुनिक चित्रकारांच्या गटाशी संबंध. पण चित्राकडे जाण्याच्या वाटा अगदी वेगळ्या.

रझांची प्रेरणा आठवणीतून येते. मध्य प्रदेशातल्या जंगलात गेलेलं बालपण, आणि मन स्थिर व्हावं म्हणून शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर काढून दाखवलेला ठिपका. १९५० मध्ये ते फ्रान्सला गेले, कित्येक दशकं तिथेच राहिले, आणि तिथे बसून त्या ठिपक्याचा बिंदू, म्हणजे त्यांच्या चित्रांतला तो ठळक गोल, झाला. त्यांचे लाल, पिवळे, काळे रंग थेट अंगावर येतात. काही चित्रांत तर देवनागरी ओळीच लिहिलेल्या आहेत.

गायतोंडे आठवण सांगत नाहीत. झेन या ध्यानावर भर देणाऱ्या बौद्ध विचारांचा त्यांच्यावर खोल ठसा होता. बराच काळ नुसतं बसून विचार करायचा, मग काम. वर्षाला मोजकीच चित्रं. रोलरने आणि पॅलेट नाइफने, म्हणजे रंग पसरवायच्या चपट्या सुरीने, रंगाचे पातळ थर चढवायचे, थोडे खरवडायचे, पुन्हा चढवायचे. जवळून पाहिलं तर एका पिवळ्याखाली दुसरा, त्याखाली तपकिरी झिरपताना दिसतो, आणि वर तरंगणाऱ्या खुणा कुठल्याच लिपीतल्या नसतात. या कामाला ते अमूर्त म्हणत नसत. ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे कुठलीच वस्तू न दाखवणारं, हा शब्द त्यांना जवळचा होता.

चित्रं पाहायला नुकतीच सुरुवात केली असेल तर आधी रझा पाहा, ते हात धरून आत नेतात. मला स्वतःला मात्र गायतोंडेच जास्त भिडतात. त्यांच्या एका कॅनव्हाससमोर निदान दहा मिनिटं उभं राहा, रंग हळूहळू उजळत जातो.