वाचक माझे, लेख माझे, जाहिरातीचे पैसे भलत्याच्याच खात्यात

ब्लॉगची कमाई खाली आली की थोड्याच दिवसांत कुणाचा ना कुणाचा मेल येतोच. "तुमच्या साइटवर आम्हाला काही गंभीर त्रुटी आढळल्या आहेत. तीन महिन्यांत ट्रॅफिक परत आणून देतो." हा मेल नेमका त्याच वेळी येतो तो योगायोगाने नव्हे. कोणत्या साइटवर किती वाचक येतात याचा अंदाज देणारी साधनं बाजारात आहेत, ती कुणालाही वापरता येतात, आणि नुकत्या घसरलेल्या साइटची यादी त्यातून सहज काढता येते. चांगला चाललेला ब्लॉगवाला असल्या मेलकडे ढुंकूनही पाहत नाही. पडलेला पाहतो. म्हणून हे मी सध्या पडलेल्या ब्लॉगवाल्यांसाठी लिहिते आहे.

मी घरातल्या झाडांबद्दल लिहिते. पानं पिवळी का पडतात, कुंडी कधी बदलावी, मुळं कुजल्यावर झाड वाचतं का, अशा विषयांवर. वाचक बहुतेक गुगल सर्चमधून येतात, जाहिराती ॲडसेन्सच्या, म्हणजे गुगलच्याच जाहिरात सेवेच्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, एकदा लेख टाकला की पैसे आपोआप येत राहतात. प्रत्यक्षात ही कमाई फार लहरी असते. वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जाहिरातदार हात सैल सोडतात, तेव्हा तेवढ्याच वाचकांवर जास्त पैसे मिळतात. जानेवारी उजाडला की दर धाडकन खाली येतात. महिनाभर खात्यात दिसतो तो आकडा नुसता अंदाज असतो. अवैध, म्हणजे खऱ्या वाचकांच्या नसलेल्या, क्लिकचे पैसे वजा होऊन खरा आकडा महिना संपल्यावर ठरतो. तो 100 डॉलरची मर्यादा गाठत असेल तर पुढच्या महिन्याच्या 21 ते 26 तारखेदरम्यान पैसे निघतात, नसेल तर रक्कम पुढे सरकते. नव्या माणसाला ही पहिली शंभरी गाठायला महिनोन्महिने लागू शकतात, आणि त्या काळात घरच्यांचे प्रश्न ऐकून घ्यावे लागतात.

त्यात सर्चचे अपडेट, म्हणजे कोणती साइट वर दाखवायची हे ठरवण्याच्या गुगलच्या पद्धतीतले बदल. 2011 चा पांडा, 2012 चा पेंग्विन, ऑगस्ट 2022 चा हेल्पफुल कंटेंट, सप्टेंबर 2023 मध्ये त्याचीच पुढची फेरी, आणि मग मार्च 2024 चा मोठा कोअर अपडेट, जो पूर्ण व्हायला 45 दिवस लागले. दर वेळी काही साइट वर चढल्या, काही गडगडल्या. गडगडणाऱ्यांत दुसऱ्यांचे लेख उचलणारे होते, तसेच वर्षानुवर्षं प्रामाणिकपणे लिहिणारेही होते. त्या मार्चनंतर माझे वाचक निम्म्याच्याही खाली गेले. एरवी मेलमधून येणाऱ्या असल्या गोष्टी मी वाचतही नसे. तेव्हा वाचली.

त्या माणसाचं नाव इथे लिहीत नाही, आणि त्याने सांगितलेलं नाव खरं होतं असं मला आता वाटतही नाही. फोनवर अतिशय अदबीने बोलायचा. माझे लेख त्याने नावानिशी सांगितले. कोणता लेख कोणत्या शब्दांवर पहिल्या पानावर होता आणि आता कुठे आहे, हे सगळं बिनचूक. पैशाचा विषय अगदी शेवटी काढला: थोडी रक्कम आगाऊ, बाकी वाढलेल्या वाचकांच्या हिशेबाने दर महिन्याला. "कमाई सीझनवर असते मॅडम, ती माझ्या हातात नाही. वाचक आणणं माझ्या हातात आहे. वाचक वाढले तरच मला पैसे द्या." हे ऐकून कुणालाही वाटेल की माणूस सरळ आहे. खरी मेख याच वाक्यात होती. कमाईवर हिस्सा ठरला असता तर त्याला खरे वाचक आणावे लागले असते. वाचकांच्या नुसत्या आकड्यावर ठरला, आणि आकडे विकत मिळतात.

मग त्याने मला एका ग्रुपमध्ये घेतलं. तिथे रोज कुणीतरी कमाईचे स्क्रीनशॉट टाकायचं, खाली "थँक यू सर" यांची रांग. या स्क्रीनशॉटबद्दल एक गोष्ट प्रत्येकाने स्वतः करून पाहावी. कॉम्प्युटरवर कोणतंही पान उघडा, एखाद्या आकड्यावर उजवं बटण दाबून 'इन्स्पेक्ट' निवडा, समोर आलेल्या मजकुरात तो आकडा बदला. पानावरचा आकडा लगेच बदलतो. आता त्याचा फोटो घ्या. यात हॅकिंग वगैरे काही नाही, ही सोय प्रत्येक ब्राउझरमध्ये असते. पान रिफ्रेश केलं की खरा आकडा परत येतो. त्यामुळे कुणी कमाई दाखवू लागला तर स्क्रीन शेअर करायला लावा, समोर रिफ्रेश करायला लावा आणि तुम्ही सांगाल त्या तारखा निवडायला लावा. जो खरा आहे तो दोन मिनिटांत हे करून दाखवेल.

कामासाठी त्याने साइटचे ॲडमिन अधिकार मागितले, आणि सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे आपली साइट सर्चमध्ये कशी दिसते ते दाखवणाऱ्या गुगलच्या साधनात, मालक म्हणून नोंद. वेग वाढवायचा आहे, जुन्या लिंक दुरुस्त करायच्या आहेत, जाहिरातींच्या जागा बदलायच्या आहेत, अशी कारणं दिली. कारणं खोटी नव्हती, अशा कामांना ॲडमिन अधिकार लागतात.

महिन्याभरात आलेख वर चढायला लागला. तो दर आठवड्याला रिपोर्ट पाठवायचा, रंगीत, नीटनेटका. ठरल्याप्रमाणे मी त्याला पैसे देत गेले. कमाई मात्र वाढेना. उलट घटायला लागली. विचारलं तर उत्तर तयार असायचं: "नवीन ट्रॅफिकला सुरुवातीला दर कमी मिळतो मॅडम, थोडा धीर धरा." हे उत्तर ऐकायला पटतं, कारण दर खरोखरच कमीजास्त होत असतात.

मग एका वाचकाचा मेल आला. मोबाइलवर सर्चमधून माझ्या साइटच्या एका पानावर गेले, तर सट्ट्याची साइट उघडली. मी तोच पत्ता टाकून पाहिला तर 'पान सापडलं नाही'. या लोकांची ही नेहमीची युक्ती असते. सर्चमधून येणाऱ्याला एक पान दाखवायचं आणि थेट पत्ता टाकणाऱ्याला, म्हणजे मालकाला, दुसरं. आपल्या साइटवर असं काही आहे का ते पाहायला गुगलच्या चौकटीत इंग्रजीत 'साइट' हा शब्द, त्याला लागून कोलनची दोन टिंबं आणि लगेच आपला पत्ता लिहावा. गुगलला माहीत असलेली आपली पानं समोर येतात. माझ्या झाडांच्या लेखांच्या खाली सट्टा, कर्ज आणि वजन घटवायच्या गोळ्यांची पानंच्या पानं निघाली. माझ्या पत्त्यावर, माझ्या नावाखाली. त्या पानांवरच्या लिंक तो विकत होता.

त्या रात्री मी साइटची एक एक फाइल उघडून पाहिली, आणि जे सापडलं ते बाहेरून कुणालाही दिसण्यासारखं होतं. जाहिराती घेणाऱ्या साइटवर 'ॲड्स डॉट टीएक्सटी' नावाची एक छोटी फाइल असते. साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन हे नाव लिहिलं की साधं पांढरं पान उघडतं. ही पद्धत 2017 मध्ये आली ती मुळात याचसाठी, की एकाच्या साइटवरची जागा दुसऱ्या कुणी स्वतःची म्हणून विकू नये. या साइटवरच्या जाहिराती कोण विकू शकतो ते त्यात लिहिलेलं असतं. माझ्या फाइलमध्ये एक ओळ असायला हवी होती: गुगलचा पत्ता, मग 'पब' आणि सोळा आकडी प्रकाशक क्रमांक, मग 'डायरेक्ट', शेवटी अक्षरं-आकड्यांचा एक कोड. तिथे दोन ओळी होत्या. शेवटचा कोड दोन्हींकडे तोच, कारण तो गुगलचा असतो, आपला नसतो. फरक होता फक्त मधल्या सोळा आकड्यांत. वरचे सोळा माझे. खालचे त्याचे.

पुढचं सगळं त्यावरून उलगडलं. माझे जे लेख घसरणीनंतरही वाचले जात होते, त्यांच्यावरचा जाहिरातीचा कोड त्याने बदलला होता. मुळं कुजण्यावरच्या लेखात माझा क्रमांक काढून स्वतःचा घातला होता. वाचक माझे, मजकूर माझा, आणि जाहिरात दिसली की पैसे त्याच्या खात्यात. ज्या पानांवर कुणी येत नाही तिथे माझा कोड तसाच ठेवला होता आणि नवे 'वाचक' तिथे सोडले होते. ते वाचक म्हणजे बॉट, माणसाच्या नावाखाली पानं उघडणारे प्रोग्राम. ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे साइटवरच्या वाचकांची आकडेवारी देणाऱ्या साधनात, नीट पाहिलं तर माणसापेक्षा वेगळे ओळखू येतात: सगळ्यांच्या स्क्रीनचं माप एकच, पानावर थांबायचा वेळ सेकंद-दोन सेकंद, दुसऱ्या पानावर कुणी जात नाही, आणि दुपार असो की मध्यरात्र, येण्याची गती तीच. माणसं रात्री झोपतात, हे मशीनला कळत नाही. म्हणजे खरी माणसं त्याच्या जाहिरातींवर आणि बॉट माझ्या जाहिरातींवर. अवैध ट्रॅफिकचा ठपका माझ्या खात्यावर आला आणि जाहिराती दाखवण्यावर मर्यादा लागली. वर या बॉटच्या आकड्यांचे पैसे दर महिन्याला मीच त्याला मोजत होते.

फोन केला तर आधी म्हणाला, साइट हॅक झाली असेल, मी बघतो. मी त्या ओळीचा फोटो पाठवला. त्यानंतर त्याचा नंबर कधी लागला नाही. ग्रुपमधून मला काढून टाकलं. काही दिवसांनी सर्च कन्सोलमध्ये मॅन्युअल ॲक्शनची, म्हणजे गुगलच्या माणसांनी तपासून केलेल्या कारवाईची, नोटीस आली, स्पॅम पानांबद्दल. माझ्या साइटवर होती, तेव्हा जबाबदारी माझीच.

साफसफाईबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे बरेच जण फक्त पासवर्ड बदलतात आणि सुटलो म्हणतात. सर्च कन्सोलमध्ये एखाद्याला मालक म्हणून काढून टाकलं तरी त्याने पडताळणीसाठी ठेवलेली फाइल किंवा कोड साइटवर शिल्लक असेल तर तो परत मालक होऊ शकतो. तो कोड शोधून काढावा लागतो. वर्डप्रेस या साइट चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये 5.6 या आवृत्तीपासून 'ॲप्लिकेशन पासवर्ड' नावाची सोय आहे, ते नेहमीच्या पासवर्डहून वेगळे असतात, ते तपासून रद्द करावेत. ओळखीचे नसलेले ॲडमिन, आपण न टाकलेले प्लगइन (साइटला जोडायचे छोटे प्रोग्राम), होस्टिंगवरची, म्हणजे साइट ठेवलेल्या सर्व्हरवरची, फाइल चढवायची एफटीपी खाती, सगळं एकेक करून पाहावं. तो येण्याआधीचा बॅकअप असेल तर तोच उत्तम. माझ्याकडे होता. पण काहीही पुसायच्या आधी सगळ्याचे फोटो, तारखा, चॅट आणि पैसे दिल्याचे पुरावे बाजूला काढून ठेवा. रागाच्या भरात पुसून टाकलं तर तक्रार करताना हातात काही राहत नाही. ॲडसेन्सकडे आणि पोलिसांकडे मी दिलेल्या तक्रारीत मुख्य पुरावा तो सोळा आकडी क्रमांकच होता.

कारवाईच्या पुनर्विचाराचा गुगलकडे केलेला माझा पहिला अर्ज नाकारला गेला, काही पानं कोपऱ्यात उरली होती. दुसऱ्याच्या वेळी कारवाई उठली. जाहिरातींवरची मर्यादाही गेली. वाचक मात्र पूर्वीसारखे आलेले नाहीत, आणि त्याला दिलेले पैसे, त्याने परस्पर कमावलेले पैसे, यांतलं अजून काहीही परत मिळालेलं नाही. एक गोष्ट बचावली ती म्हणजे डोमेन, साइटचा पत्ता. "माझ्या होस्टिंगवर घ्या, डोमेनही माझ्याकडे ट्रान्सफर करा, सगळं एका ठिकाणी बरं" असं तो दोनदा म्हणाला होता आणि ते व्हायचं राहून गेलं. झालं असतं तर साइटच गेली असती, कारण डोमेन ज्याच्या नावावर त्याचीच साइट.

सर्चचं काम प्रामाणिकपणे करणारी माणसंही आहेत, आणि त्यांना असे अधिकार पहिल्या दिवशी लागत नाहीत. साइट तपासून अहवाल द्यायला सर्च कन्सोलमधले मर्यादित अधिकार आणि ॲनालिटिक्समध्ये नुसतं पाहण्याची परवानगी पुरते. लेख दुरुस्त करायला वर्डप्रेसमधली एडिटरची भूमिका पुरते. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, गुगलशी आपले खास संबंध आहेत असं सांगणाऱ्यापासून दूर राहा, हे गुगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनातच लिहिलेलं आहे.

ज्यांच्या साइटवर आत्ता बाहेरचा माणूस काम करतो आहे, त्यांनी ती पांढऱ्या पानाची फाइल आजच उघडावी आणि त्यातला प्रत्येक क्रमांक आपल्या ॲडसेन्स खात्यातल्या क्रमांकाशी आकडा न् आकडा ताडून पाहावा. मग गर्दीचे दोन-तीन लेख उघडून पानाच्या कोडमध्येही तोच क्रमांक आहे का ते शोधावं. एकही आकडा वेगळा दिसला, तर त्या माणसाला फोन करण्याआधी फोटो काढून ठेवा.