क्लासिक की मॉडर्न: 'स्ट्रीट फायटर ६'मधील दोन नियंत्रण-पद्धती

२०२३ साली आलेल्या 'स्ट्रीट फायटर ६' या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये मुख्यतः क्लासिक आणि मॉडर्न या नियंत्रण-पद्धतींतून निवड करावी लागते. क्लासिकमध्ये तीन ठोशांची आणि तीन लाथांची अशी सहा बटणे असतात, आणि र्‍यू या पात्राचा हादोकेन, म्हणजे हातांतून सुटणारा ऊर्जेचा गोळा, सोडण्यासाठी स्टिक खाली, तिथून तिरकी खाली-पुढे आणि मग पुढे अशी पाव वर्तुळात फिरवून ठोशाचे बटण दाबावे लागते. ही हालचाल अंगवळणी पडायला वेळ लागतो, पण ठोसा हलका की जोरदार यावर गोळ्याचा वेग ठरतो, आणि ती मुभा मला फार मोलाची वाटते.

मॉडर्नमध्ये तोच हादोकेन एका बटणावर निघतो. खरा फरक मात्र शोर्युकेनच्या, म्हणजे वर झेपावत मारायच्या ठोशाच्या वेळी कळतो: प्रतिस्पर्धी उडी मारून अंगावर येत असताना क्लासिकचा खेळाडू पुढे, खाली, खाली-पुढे अशा दिशा जुळवत असतो, तर मॉडर्नचा खेळाडू पुढची दिशा धरून स्पेशलचे (अशा खास मूव्हसाठीचे) बटण दाबून मोकळा होतो. या सोयीच्या बदल्यात अशा एका बटणावर काढलेल्या मूव्हने प्रतिस्पर्ध्याचे होणारे नुकसान २० टक्क्यांनी घटते आणि काही साधे ठोसे-लाथाही मिळत नाहीत.

नवख्याने मॉडर्नपासूनच सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन, कारण त्यात पहिल्या दिवसापासून अंतर आणि वेळ यांकडे लक्ष देता येते. शिवाय तिथेही स्टिक फिरवून मूव्ह काढली, तर ही कपात लागू होत नाही.