बेरियम आयोडाइडची बाटली : घेण्याआधी झाकण बघा

अ‍ॅनहायड्रस (पाणी नसलेलं) बेरियम आयोडाइड, १० ग्रॅम. पहिली बाटली ऐन जुलैत आली, झाकण सैल, आत पांढऱ्या पावडरीऐवजी पिवळट ढेकळं. सप्लायरला फोन केला तर म्हणे, "सर, तुमच्याकडे पाऊस आहे ना." अहो, पाऊस आहे म्हणूनच तर सील नीट लावायचं ना! पुढची दुसरीकडून मागवली, काचेच्या सीलबंद अँप्युलमध्ये दाणे आले, तरी वापरायच्या आधी १५० डिग्रीला व्हॅक्यूमवर वाळवून घेतलेच, लेबलवर काय वाट्टेल ते लिहिलेलं असो.

आता ग्रिन्यार (कार्बनला कार्बन जोडायचा नेहमीचा मॅग्नेशियमवाला रिएजंट) स्वस्त असताना हा खटाटोप कशाला? तर जेरॅनिल क्लोराइडचा (जेरॅनिऑलचा भाऊ, आपल्या रोशा तेलातलं ते) ग्रिन्यार करून कार्बन डायऑक्साइड सोडला की बंध पलीकडच्या टोकाला, गॅमाला जुळतो आणि फांदीवालं अ‍ॅसिड हातात येतं. मला हवं होतं सरळ साखळीचं होमोजेरॅनिक अ‍ॅसिड. जपानी रसायनशास्त्रज्ञ हिसाशी यामामोतोंच्या ग्रुपने १९९१ मध्ये दाखवलं की अशा अ‍ॅलिलिक (धातू डबल बाँडशेजारच्या कार्बनवर असलेल्या) रिएजंटमध्ये मॅग्नेशियमऐवजी बेरियम असेल तर बंध अल्फालाच, म्हणजे आधी क्लोरीन होता त्याच कार्बनला होतो, डबल बाँडचा ई आकारही (मुख्य गट विरुद्ध बाजूंना) टिकतो.

कृती अशी, की लिथियम आणि बायफेनिल (दोन बेंझिन कड्यांची जोडी) टीएचएफ या द्रावकात ढवळायचं, तेही आर्गनखाली, कारण लिथियम नायट्रोजनलासुद्धा खातं, मग ते गडद द्रावण बेरियम आयोडाइडवर सोडलं की अर्ध्या तासात काळपट तपकिरी गाळ दिसतो, हेच ते जागं झालेलं, क्रियाशील बेरियम. मग ड्राय आइस-अ‍ॅसिटोन, उणे ७८, जेरॅनिल क्लोराइड थेंब थेंब, आणि फ्लास्क अगदी कोकम आगळासारखा लाल! तो रंग दिसेपर्यंत माझा जीव टांगणीला. मग त्यात कार्बन डायऑक्साइड सोडायचा.

बायफेनिलचा ढीग शेवटी डोकं खातो, पण अ‍ॅसिड बनवताय तर सुटलात, बेसच्या पाण्यात अ‍ॅसिड उतरतं, बायफेनिल ईथरमध्ये बसून राहतं. याच रिएजंटने अल्कोहोल करणाऱ्यांनी कॉलमची (क्रोमॅटोग्राफीने वेगळं करायची) तयारी ठेवा.

आणि उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका राव, विरघळलेलं बेरियम विष आहे, सोडियम सल्फेट टाकून पांढरा गाळ पाडा. एक्स-रेआधी पाजतात तेच ते बेरियम सल्फेट, विरघळत नाही म्हणून बाधत नाही.

खर्चाचं म्हणाल तर एक मिलिमोलला ३९१ मिलिग्रॅम बेरियम आयोडाइड लागतं, मॅग्नेशियम २४ मध्ये भागतं, म्हणजे बाटली २५ मिलिमोलमध्ये खलास. अल्फा हवाच असेल तर घ्या, नाहीतर ग्रिन्यारच बरा. अँप्युलवाल्यांना चार स्टार, ढेकळंवाल्यांना भोपळा.