लेस्टरमधल्या मतदारांसाठी: सरकारी ऑनलाइन नोंदणी सेवा कशी आहे?

भारतीय पासपोर्ट असलेल्या आणि ब्रिटनमध्ये वैध व्हिसावर राहणाऱ्या, 18 वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही नगर परिषदेच्या निवडणुकीत मत देता येतं, विद्यार्थ्यांनाही. तरी आपली कितीतरी माणसं नावच नोंदवत नाहीत, याचं फार वाईट वाटतं. सेवा खरोखर सोपी आहे: पत्ता, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, नॅशनल इन्शुरन्स नंबर (नोकरी आणि करासाठीचा सरकारी नंबर), पाचेक मिनिटांत काम होतं. नंबर नसेल तरी अर्ज करता येतो. मग परिषद कागदपत्रं मागते.

मोठी उणीव अशी, की नाव आधीच यादीत आहे का हे इथे कळत नाही. त्यासाठी परिषदेच्या निवडणूक कार्यालयालाच विचारावं लागतं. पोटनिवडणुकीत हे जास्त नडतं. नगरसेवकाची जागा रिकामी झाल्यावर दोन मतदारांनी लेखी मागणी केली, की कामाच्या 35 दिवसांत मतदान घ्यावं लागतं, आणि नोंदणी मतदानाच्या 12 कामकाजी दिवस आधी बंद होते. टपाली मताचा अर्ज 11 कामकाजी दिवस आधी, संध्याकाळी 5 पर्यंत.

2023 पासून मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो, मुदत संपलेलाही, चेहरा ओळखू आला तर. पण लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर यादीतलं आणि पासपोर्टवरचं नाव जुळतंय ना, ते आधी पाहा. टपाली मतात सही किंवा जन्मतारीख अर्जातल्याशी जुळली नाही, तर मत बाद होतं. जन्मतारखेच्या जागी त्या दिवसाची तारीख लिहू नका.