वरच्या दाढेसाठी केलेला सीबीसीटी स्कॅन: स्कॅन मस्त, रिपोर्ट अर्धवट

ज्यांचं एकाच बाजूचं नाक सारखं चोंदतं, घाण वास येतो आणि सर्दीच्या गोळ्यांनी काही फरक पडत नाही त्यांनी हे जरूर वाचा. कधीकधी याचं मूळ वरच्या दाढेत असतं. मला डेंटिस्टनी सीबीसीटी (दात आणि जबड्याचा थ्रीडी एक्सरे स्कॅन) करायला सांगितला आणि माझ्या मते तो करण्यासारखा आहे.

स्कॅनचा काही त्रास नाही. हनुवटी टेकवायची, दातात छोटा तुकडा धरायचा, मशीन डोक्याभोवती फिरतं आणि मिनिटाच्या आत सुट्टी, फक्त तेवढा वेळ अजिबात हलायचं नाही.

खरी मजा स्क्रीनवर! साध्या एक्सरेत मुळं, गालाचं हाड, सायनस (वरच्या दाढांच्या वर असलेली, नाकाला जोडलेली हवेची पोकळी) सगळं एकावर एक चढलेलं असतं, इथे डॉक्टर एकेक काप सरकवत गेले आणि दाढेच्या मुळाच्या टोकाशी काळा डाग, त्यावर सायनसच्या तळाची पांढरी बारीक रेघ आणि त्या रेघेवर करडं फुगलेलं अस्तर असं स्वच्छ दिसलं, दुसऱ्या बाजूला अस्तर जेमतेम दिसत होतं. निरोगी अस्तर साधारण १ मिमी किंवा त्याहून पातळ असतं, २ मिमीच्या वर गेलं की बहुतेक जण जाड धरतात. वरच्या दाढांची मुळं सायनसला इतकी लागून असतात की काहींच्यात मध्ये हाडच नसतं, म्हणून मुळाशी पू झाला किंवा हिरड्यांच्या आजाराने दाताभोवतीचं हाड झिजलं की सूज थेट वर पोचते. आणि दाढ ठणकलीच पाहिजे असंही नाही बरं का, म्हणून तर हे लक्षात येत नाही.

पण जाड दिसलं म्हणजे दोष दाताचाच असंही नाही, ॲलर्जी आणि सर्दीनेही अस्तर सुजतं. शिवाय ते करडं म्हणजे सूज की साचलेला स्राव हे या स्कॅनमध्ये नीट ओळखू येत नाही आणि शेजारी मेटलची कॅप असेल तर पट्टे येऊन चित्र बिघडतं. त्यामुळे दाढेची नस जिवंत आहे का हे थंड लावून बघणं, दात आणि हिरडीमधल्या फटीची खोली मोजणं हे डेंटिस्टच्या खुर्चीत करावंच लागतं, स्कॅन बघून कुणी लगेच दाढ काढायला निघालं तर थांबवा.

राग आला तो रिपोर्टचा. "अस्तर किंचित जाड", बास, एवढंच! किती मिमी, कुठल्या दाढेच्या वर, सायनसचं तोंड (नाकात उघडणारी वाट) उघडं आहे का, एका शब्दाने नाही. अहो, पुढचे उपचार त्यावरच ठरतात ना! रूट कॅनल किंवा हिरड्यांचे उपचार नीट झाले तर अस्तर पुढच्या काही महिन्यांत पातळ होऊ शकतं, मग आधीचा आकडाच नसेल तर तुलना कशाशी करायची?

स्कॅनच्या आधीच विचारून घ्या की सायनसचं तोंड चित्रात येणार का, ते वर नाकाच्या बाजूला असतं आणि फक्त दाढेपुरता छोटा स्कॅन घेतला तर रेडिएशन कमी लागतं खरं पण तो भाग कापला जातो. कागदासोबत स्कॅनची पूर्ण फाइलही मागा, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना ती लागतेच.