डोंगरातली आडवाट: तळ ठोकायचा की बिऱ्हाड पाठीवर घ्यायचं?

पाच-सहा गाड्या, पाच-सहा दिवस आणि डोंगरातल्या अवघड वाटा असा बेत ठरला की टायर कुठले घालायचे आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र) किती ताकदीचा हवा यावर महिनाभर खल होतो. त्याआधी सुटायला हवा तो प्रश्न मात्र बाजूलाच राहतो. रोज सामान गुंडाळून पुढच्या मुक्कामाला जायचं, की एका जागी तंबू ठोकून रोज वेगळ्या दिशेला गाड्या काढायच्या आणि संध्याकाळी परत यायचं?

पहिल्या प्रकाराला मी इथे वाटचाल म्हणतो, दुसऱ्याला तळ. दोन्ही केलेत. वाटचालीची हौस मला जास्त आहे, तरी नव्या ग्रुपने विचारलं तर मी तळच सुचवतो. का ते सांगतो, आणि तळाच्या खोडीही सांगतो, कारण त्या कमी नाहीत.

नकाशावर बघायचं तर दोन्हींचे ठळक नमुने अमेरिकेत सापडतात. सिएरा नेवाडा पर्वतातली रुबिकॉन ट्रेल जेमतेम 35 किलोमीटरची आहे. 1953 पासून जीपवाले ताफे घेऊन तिथे जातात आणि आजही त्या अंतराला लोक दोन-तीन दिवस हाताशी ठेवतात. ही वाटचाल. कोलोरॅडोतल्या सॅन वान डोंगरांतलं यूरे गाव याच्या उलट. गाव सुमारे 2,375 मीटरवर आणि आजूबाजूला 3,900 मीटरच्या वर-खाली असलेल्या खिंडी. गावात राहायचं, सकाळी एक खिंड चढायची, रात्री परत गावात. हा तळ.

मागे फिरणं किती महाग पडतं

माझ्या मते सगळा निर्णय या एका प्रश्नावर आहे. तळावरून निघालात आणि दुपारी वाटलं की आज जमत नाही, तर तुमचा एक दिवस गेला. वाटचालीत तिसऱ्या दिवशी तसं वाटलं तर मागे दोन दिवसांचे तेच दगड आणि पुढे 'फक्त एक दिवस'. मग माणसं मागे फिरत नाहीत. फिरायला हवं हे कळत असतं, पण हिशोब जमत नाही.

एकदा आम्ही सात गाड्या घेऊन निघालो होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी पाचव्या गाडीचा टाय रॉड, म्हणजे पुढची दोन चाकं एका दिशेला ठेवणारा दांडा, दगडावर आपटून वाकला आणि पुढची दोन चाकं दोन दिशांना बघायला लागली. रॉड सोडवला, दोन सपाट दगडांवर आडवा टेकवला आणि हातोड्याने ठोकून ठोकून सरळ केला. परत बसवल्यावर दोरी घेऊन दोन्ही टायरांमधलं अंतर आधी पुढून मोजलं, मग मागून. ते जवळपास सारखं येईपर्यंत रॉड फिरवत राहायचं. दोरी धरायला एक जण, रॉड फिरवायला एक आणि सल्ला द्यायला बाकीचे सगळे. अडीच तास गेले.

तिथेच मागे वळायला हवं होतं. आम्ही पुढे गेलो. वाटेतला ओढा वितळत्या बर्फाचा होता. असे ओढे पहाटे सर्वांत कमी असतात आणि उन्हाने बर्फ वितळलं की दुपारनंतर फुगतात. आमच्या आखणीप्रमाणे तो सकाळी ओलांडायचा होता, पोचलो साडेचारला. मी काठी घेऊन पाण्यात उतरलो. चार पावलांवर पाय टिकेना, तसा परत आलो. जिथून चालत जाता येत नाही तिथून गाडी घालायची नाही, एवढी अक्कल शिल्लक होती हे नशीब. सात गाड्या उतारावर वाकड्यातिकड्या लावून, चाकांमागे दगड टाकून रात्र बसून काढली. सकाळी सहाला तोच ओढा गुडघ्याच्या खाली होता.

हाच ओढा तळाच्या बाजूने मात्र अजिबात बोलत नाही. तळावरून सकाळी ओढा ओलांडून गेलात की संध्याकाळी, म्हणजे नेमका फुगलेला असताना, तोच ओलांडून परत यायचं असतं. वाटचालीत अलीकडे मुक्काम करून पहाटे पलीकडे जाता येतं. त्यामुळे वाटेवर बर्फाच्या पाण्याचे मोठे ओढे असतील तर तळ ओढ्याच्या कुठल्या बाजूला आहे हे आधी बघा, नाहीतर तंबू एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे.

आणि तळ आहे म्हणून मागे फिरता येईलच असं नाही. यूरेच्या परिसरातलीच ब्लॅक बेअर खिंड घ्या. माथा ओलांडल्यावर टेलुराइड गावाकडे उतरणारी वाट एकतर्फी आहे, खालून वर यायला मनाई. म्हणजे एका दिवसाच्या फेरीतही वाटचालीचा तुकडा लपलेला असू शकतो. रोजच्या फेरीत असा 'इथून पुढे परत नाही' बिंदू कुठे आहे तो नकाशावर लाल करून ठेवा, आणि तिथे पोचायची शेवटची वेळ घरूनच ठरवा. जागेवर ठरवायला गेलात तर सगळ्यांत उत्साही माणूस ठरवतो.

विंचवाचं बिऱ्हाड

वाटचालीत प्रत्येक गाडी आपलं घर घेऊन चढते. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो. पेट्रोलचा वीस लिटरचा कॅन साधारण पंधरा किलोचा, डिझेलचा सतराच्या आसपास. पिणं आणि स्वयंपाक धरून माणशी रोज पाच लिटर पाणी, गाडीत तीन माणसं, पाच दिवस, की पाणीच 75 किलो. वाटेत भरून गाळून घ्यायची सोय असेल तर हे बरंच कमी होतं, पण ती सोय त्या हंगामात आहे ना हे कुणाला तरी विचारून घ्यावं लागतं. त्यावर तंबू, हत्यारं, दुसरी स्टेपनी. जागा पुरत नाही म्हणून सामान टपावर जातं आणि नेमकं तेच नको असतं. टपावरच्या वजनाने गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि आडव्या उतारावर जिथे रिकामी गाडी आरामात गेली असती तिथे भरलेली गाडी पोटात गोळा आणते.

त्यात उंची. चार हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश उरते, त्यामुळे टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा भाग) नसलेल्या इंजिनाची ताकदही सुमारे एक तृतीयांश कमी होते. म्हणजे गाडी सर्वांत जड आणि इंजिन सर्वांत अशक्त, असा योग वाटचालीत हमखास येतो. तळावर तंबू, भांडी आणि जास्तीचं इंधन खालीच राहतं. वर जातात ती माणसं, दिवसाचं पाणी, ऊबदार कपडे, रात्र अडकलोच तर लागेल तेवढं आणि रिकव्हरीचं, म्हणजे अडकलेली गाडी बाहेर काढायचं, सामान.

इंधनाचा हिशोब दोन्हीकडे किलोमीटरवर करू नका, तासांवर करा. लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त जोर देणाऱ्या गिअरमध्ये) ताशी चार-पाच किलोमीटरने रांगताना नेहमीचं ॲव्हरेज निरर्थक असतं. घराजवळच्या एखाद्या अवघड वाटेवर दोन तास चालवून टाकी भरून बघा. तो आकडा धरा, वर निम्मं जास्त ठेवा.

वेळेचं गणित वाटचालीच्या विरोधात जातं. पंधरा माणसांचा तळ उठवून गाड्यांत बांधायला सकाळचे दोन तास सहज जातात, संध्याकाळी लावायला दीड. तळावर हे एकदाच. पण तळाचीही वेळ वाया जाते: तीच सुरुवातीची वाट रोज जाऊन-येऊन. आणि तळ फक्त अर्ध्या दिवसाच्या परिघातलं दाखवतो. डोंगररांगेच्या पोटातली दरी, जिथे दुसऱ्या रात्रीशिवाय पोचताच येत नाही, ती तळवाल्यांना दिसत नाही. मला वाटचाल आवडते ती त्या दरीसाठी, आणि याला तळाकडे उत्तर नाही.

झोपायची उंची

गाडीने एका दिवसात दोन हजार मीटर चढणं हा खेळ आहे, शरीराला मात्र तो खेळ वाटत नाही. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा डोंगरातल्या डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला असतो. दिवसा कुठवर चढलात यापेक्षा रात्री कुठे झोपलात याला महत्त्व आहे. तळ इथे सरळ जिंकतो: चढा कितीही, झोपायला खाली या.

वाटचालीत प्रत्येक मुक्कामापुढे उंची लिहून काढा. दोन खिंडींच्या मधल्या दरीत मुक्काम असेल तर विशेष बघा, कारण तिथे कुणाला त्रास झाला तर खाली न्यायला आधी वर चढावं लागतं. डोकेदुखीवर गोळी घेऊन पुढे जाणारा शूरवीर प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याचा पाय अडखळायला लागला, बोलणं तुटक झालं किंवा बसल्या जागी धाप लागली तर चर्चा करू नका, खाली निघा.

किती गाड्या, कुठली माणसं

एका अवघड टप्प्यावर एका गाडीला दहा मिनिटं धरली तर सहा गाड्यांना तास लागतो. असे चार टप्पे आले की दिवस संपला. म्हणून वाटचालीला तीन ते पाच गाड्या पुरे. तळावर दहा असल्या तरी चालतं, कारण रोज दोन-तीन तुकड्या करता येतात. अट एकच, कुठलीही गाडी एकटी जाणार नाही. तळावर ज्यांना एखादा दिवस नको वाटतो ते थांबू शकतात, मुलं थांबू शकतात, आणि एक भरल्या टाकीची गाडी अडीअडचणीला उभी राहते. वाटचालीत कंटाळलेल्या माणसालाही पुढे यावंच लागतं, आणि कंटाळलेला माणूस चौथ्या दिवशी चुका करतो.

फाट्यावर मागची गाडी दिसेपर्यंत थांबायचं, हत्यारं शेवटच्या गाडीत, ओढताना दोर टो-बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला, कधीही अडकवायचा नाही (गोळा तुटला तर तोफगोळ्यासारखा येतो), हे सगळं दोन्हीकडे सारखंच. सॅटेलाइट मेसेंजर (मोबाइलला रेंज नसताना उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र) वाटचालीत मला अत्यावश्यक वाटतो, पण काही देशांत तो परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे, तेव्हा विकत घेण्याआधी तिथला नियम बघा.

तळाचा एक मोठा तोटा कुणी बोलत नाही: संडास. पाण्यापासून साठ मीटर लांब, 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डा करून बुजवायचा, हे एका रात्रीपुरतं ठीक. वीस माणसं पाच दिवस एकाच जागी राहिली तर शंभर खड्डे होतात. तळ ठोकणार असाल तर सुटा संडास न्या आणि तो परत कोण नेणार हेही आधीच ठरवा. आमच्याकडे चिठ्ठ्या टाकतात.

मग निवड कशी करायची

ग्रुपमधली निम्मी माणसं एकमेकांबरोबर पहिल्यांदाच येत असतील, किंवा एखादी गाडी बाकीच्यांपेक्षा अगदीच साधी असेल, तर तळ. आखणी सर्वांत चांगल्या गाडीकडे बघून होते आणि प्रवास सर्वांत साध्या गाडीच्या वेगाने होतो, हे तळावर खपतं, वाटचालीत नाही. चार-पाच गाड्या, आधी एकत्र केलेल्या दोन-तीन फेऱ्या, गाडीखाली शिरून काम करणारा किमान एक माणूस आणि वाटेत बाहेर पडायला निदान एक मधला रस्ता, एवढं असेल तर वाटचाल करा. मधला रस्ताच नसेल तर मी बाकी सगळं असूनही जाणार नाही.

दोन तळांचा मधला मार्गही आहे: पहिले तीन दिवस एकीकडे, एक दिवस सामानासकट खिंड ओलांडून पलीकडे, पुढचे दोन दिवस तिथे. आमचे अलीकडचे बेत बहुतेक असेच असतात. वाटचालीचा एकच दिवस असतो आणि तोवर कोण कसं चालवतं हे सगळ्यांना कळलेलं असतं.

काहीही ठरवा, महिनाभर आधी एक रात्र सगळ्या गाड्या पूर्ण भरून कुठेतरी जवळच मुक्कामाला न्या. गाड्या वजनकाट्यावर घाला. रात्री तंबू लावा, सकाळी वेळ मोजत तळ उठवा. आमच्या एका चाचणीत सकाळी सहाला सुरू केलेली बांधाबांध साडेनऊला संपली. वाटचालीचा बेत तिथेच, रस्त्याच्या कडेला, तळाचा झाला.